नासिऱ्याचा शायर नगराध्यक्ष : तौफिक झय्याद

पॅलेस्टाईन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाझा येते, पश्चिम किनारा येतो, लेबनॉन-जॉर्डनमधल्या निर्वासितांच्या छावण्या येतात आणि चौकटीचा रुमाल डोक्याला बांधलेले यासर अराफात येतात. भारताने १९८८ साली पॅलेस्टाईनला मान्यता दिली, पण हे चित्र त्याच्याही आधीपासून आपल्या ओळखीचे आहे. या चित्रात न मावणारा एक मोठा समाज मात्र आपल्याला फारसा माहीत नाही. १९४८ साली इस्रायल स्थापन झाले तेव्हा सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब बेघर होऊन सरहद्दीपलीकडे गेले. सुमारे दीड लाख मात्र आतच राहिले. ज्या भूमीत ते कालपर्यंत बहुसंख्य होते, त्याच भूमीत ते एका वर्षात अल्पसंख्य झाले आणि इस्रायलचे नागरिक ठरले. आज इस्रायलच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश आहे.

अशा समाजाने राजकारण करायचे ते कसे? ज्या राज्याने आपली जमीन घेतली त्याच राज्याच्या संसदेत बसायचे का? बसायचे तर काय मागायचे आणि कोणत्या शब्दांत मागायचे? या प्रश्नांना अनेकांनी अनेक उत्तरे दिली. त्यांपैकी एक उत्तर तौफिक झय्याद यांनी आपल्या आयुष्याने दिले. ते शायर होते, कम्युनिस्ट होते, क्नेसेटचे म्हणजे इस्रायली संसदेचे सदस्य होते आणि सलग १९ वर्षे नाझरेथचे नगराध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीचा मागोवा घेताना एक गोष्ट सतत जाणवते. अल्पसंख्याकांचा पुढारी हा सरकार आणि समाज यांच्यामधला दलाल असतो, ही रूढ झालेली समजूत त्यांनी मोडली. आणि ती मोडताना केवळ घोषणांवर न थांबता शाळा, रस्ते आणि गटारे यांच्या कामातून समतेचा अर्थ लोकांना दाखवला.

मागे राहिलेल्यांचे जग

झय्याद यांचा जन्म ७ मे १९२९ रोजी नाझरेथमध्ये झाला. अरबीत या गावाला ‘नासिरा’ म्हणतात. ख्रिस्ती लोकांसाठी कुरआनात आलेला ‘नसारा’ हा शब्द याच गावाच्या नावाशी जोडला जातो. हजरत ईसा यांचे बालपण जिथे गेले ते हे गाव. मशिदी आणि चर्चे शेजारी शेजारी असलेले, मुस्लिम आणि ख्रिस्ती अरब पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेले.

१६ जुलै १९४८ रोजी नाझरेथने शरणागती पत्करली. आसपासची अनेक गावे ओस पडली, पण नाझरेथ वाचले. गाव रिकामे करण्याचा तोंडी आदेश तिथल्या कारवाईतील ज्यू अधिकारी बेन डंकलमन यांनी मानला नाही, ही हकीकत पुढे प्रसिद्ध झाली. त्यामुळे नाझरेथ हे इस्रायलमध्ये उरलेले सर्वांत मोठे अरब शहर झाले. उजाड झालेल्या गावांतले लोक तिथे आश्रयाला आले. काही किलोमीटरवरच्या सफ्फूरिया गावचे लोक नाझरेथच्या एका टेकडीवर राहू लागले. तिथून त्यांना आपल्या गावाची जागा दिसत असे, पण परत जाता येत नसे. १९५० च्या मालमत्ताविषयक कायद्याने अशा लोकांना ‘अनुपस्थित’ ठरवले. माणूस देशात हजर आहे, कर भरतो आहे, मतदान करतो आहे, पण आपल्या घराच्या आणि शेताच्या बाबतीत तो गैरहजर आहे. ‘हजर-गैरहजर’ असा एक विचित्र शब्दच त्यांच्यासाठी रूढ झाला.

त्यात १९४८ पासून १९६६ पर्यंत अरब वस्त्यांवर लष्करी प्रशासन होते. दुसऱ्या गावी मजुरीला जायचे तर लष्करी अधिकाऱ्याचा परवाना लागे. परवाना कुणाला मिळणार, शाळेत शिक्षक म्हणून कुणाची नेमणूक होणार, हे गावातील वजनदार मंडळींच्या आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीवर ठरे. सत्ताधारी मापाई पक्षाशी जोडलेल्या अरब याद्या निवडणुकीत उभ्या राहत. घराण्याचा प्रमुख सांगेल तिथे सगळ्या कुटुंबाची मते पडत. त्याच्या बदल्यात एखादा परवाना, एखादी नोकरी, कधी रस्त्याचा एखादा तुकडा मिळे. मतपेढी हा शब्द आपल्याला नवा नाही. तिची किल्ली कुणाच्या हातात असते आणि व्याज कुणाला मिळते, हेही आपण जाणतो.

याच काळात याच देशात समतेचा आणखी एक प्रश्न उभा राहिला होता आणि त्याच्याशी मराठीचे नाते आहे. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाच्या विवाहांबाबत तिथल्या धर्मपीठाने १९६२ मध्ये वंशशुद्धीच्या चौकशीचा नियम काढला. त्या समाजाने निदर्शने केली, धरणे धरले आणि १९६४ मध्ये क्नेसेटला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. बेने इस्रायल बहुसंख्याकांच्या धर्माचे होते, म्हणून त्यांच्या समतेचा प्रश्न राज्याला आपल्या घरातला वाटला. अरब नागरिकांचा प्रश्न मात्र घराबाहेरचा आणि सुरक्षिततेचा मानला गेला. दोन्हींमधला फरक इथेच आहे.

शायरी आणि पक्ष

परवान्यांच्या त्या काळात अरब नागरिकांना उघडपणे बोलता येईल अशी जागा एकच होती : कम्युनिस्ट पक्ष. ज्यू आणि अरब सभासद असलेला हा पक्ष कायदेशीर होता. केवळ अरबांची राष्ट्रवादी संघटना उभी राहू दिली जात नसे. ‘अल-अर्द’ म्हणजे ‘भूमी’ या नावाच्या गटावर बंदी आली आणि १९६५ मध्ये त्याच्याशी संबंधित यादीला निवडणूक लढवता आली नाही. कम्युनिस्टांकडे क्नेसेटमधल्या जागा होत्या आणि ‘अल-इत्तिहाद’ हे अरबी वृत्तपत्र होते. २९ ऑक्टोबर १९५६ रोजी कफ्र कासिम गावात, संचारबंदी बदलल्याची खबर नसताना शेतावरून घरी परतणाऱ्या जवळजवळ ५० अरब स्त्री-पुरुष-मुलांना सीमा पोलिसांनी गोळ्या घातल्या. सरकारने बातमी दाबली. तेव्हा तौफिक तुबी आणि मेइर विल्नर, एक अरब आणि एक ज्यू असे दोन कम्युनिस्ट खासदार त्या गावी पोहोचले आणि त्यांनी ती हकीकत बाहेर आणली.

तरुण झय्याद या पक्षात घडले. कामगारांच्या सभा, मोर्चे आणि तुरुंग ही त्यांची शाळा होती. लष्करी प्रशासनाच्या काळात त्यांना अनेकदा अटक झाली. १९६० च्या दशकात ते साहित्याच्या अभ्यासासाठी सोव्हिएत रशियात गेले. रशियन साहित्य आणि तुर्की कवी नाझिम हिकमत यांच्या रचना त्यांनी अरबीत आणल्या. आपल्या लोकांच्या म्हणी, गाणी, कहाण्या गोळा करून लोकसाहित्यावरही लिहिले. गाव उजाड झाले तरी गावाची बोली उजाड होऊ नये, या जाणिवेतून झालेले हे काम आहे.

त्यांचा ‘तुमचे हात मी घट्ट धरतो’ अशा अर्थाच्या नावाचा काव्यसंग्रह १९६६ साली आला. त्याच वर्षी गस्सान कनफानी यांनी बैरूतमधून पॅलेस्टाईनमधल्या ‘प्रतिकाराच्या साहित्या’वर आपले पुस्तक प्रसिद्ध केले. तोपर्यंत अरब जगात इस्रायलमध्ये राहिलेल्या अरबांकडे संशयाने पाहिले जात होते. ज्यांनी इस्रायली पारपत्र घेतले, जे त्या संसदेत बसतात, ते कसले अरब, असा एकंदर सूर होता. कनफानींमुळे आणि १९६७ च्या पराभवानंतर अरब जगाला कळले की मागे राहिलेले लोक गप्प बसलेले नव्हते. महमूद दरवेश, समीह अल-कासिम आणि तौफिक झय्याद ही नावे कैरो-बैरूतमध्ये पोहोचली. झय्याद यांची एक कविता लेबनॉनचे गायक अहमद काबूर यांनी संगीतबद्ध केली आणि ती छावण्याछावण्यांत गायली गेली.

झय्याद यांची कविता दरवेशांइतकी गुंतागुंतीची नाही. ती सभेत म्हणायची कविता आहे. तिच्यात शब्द साधे, वाक्ये छोटी आणि आवाज खणखणीत. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कवितांपैकी एकीचे नावच ‘इथेच राहणार’ अशा अर्थाचे आहे. त्यांच्या साऱ्या राजकारणाचे सार या नावात सापडते. दरवेश १९७० मध्ये देशाबाहेर पडले आणि निर्वासनातून त्यांनी मोठी कविता लिहिली. झय्याद राहिले. दोघांपैकी कुणाचा निर्णय बरोबर, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण राहणाऱ्याला रोजच्या जगण्याशी गाठ घालावी लागते. पाणी, शाळा, परवाने, बजेट यांच्याशी त्याला भांडावे लागते. शायर झय्याद नगरपालिकेकडे वळले ते इथून.

नगरपालिका हातात आली

१९६५ मध्ये कम्युनिस्ट पक्षात फूट पडली. बहुतेक अरब सभासद ‘राकाह’ या नव्या पक्षात गेले. विल्नर यांच्यासारखे ज्यू नेतेही त्यांच्याबरोबर होते. ३१ डिसेंबर १९७३ च्या निवडणुकीत राकाहला ४ जागा मिळाल्या आणि झय्याद क्नेसेटमध्ये गेले.

इकडे नाझरेथची स्थिती वाईट होती. शहर वाढत होते, पण जमीन उरली नव्हती. १९५० च्या दशकात शहराच्या माथ्यावरच्या टेकड्यांची जमीन ताब्यात घेऊन सरकारने ज्यूंसाठी ‘नाझरेथ इल्लित’ हे नवे शहर वसवले होते (२०१९ मध्ये त्याचे नाव ‘नोफ हगलील’ असे बदलण्यात आले). वरच्या शहरात रुंद रस्ते, कारखाने आणि बागा. खालच्या जुन्या शहरात दाटी, तुंबलेली गटारे, भाड्याच्या खोल्यांत भरणारे वर्ग. नगरपालिकेत सैफुद्दीन झुअबी यांच्यासारख्या, सत्ताधारी पक्षाशी जुळवून घेणाऱ्या घरंदाज पुढाऱ्यांचा वरचष्मा होता. सरकारशी जवळीक असूनही शहराच्या पदरात फार काही पडले नव्हते. १९७४ मध्ये नगरपालिका बरखास्त करून कारभार सरकारने नेमलेल्या समितीकडे देण्यात आला.

झय्याद आणि त्यांच्या साथींनी यावर जो उपाय शोधला तो अभ्यास करण्याजोगा आहे. पक्षाची यादी एकट्याने उभी करण्याऐवजी त्यांनी ‘नाझरेथ लोकशाही आघाडी’ उभारली. तिच्यात कम्युनिस्ट होते, तसेच शहरातील पदवीधरांची संघटना होती, व्यापारी आणि कारागीर होते, विद्यार्थी होते. मुस्लिम होते, ख्रिस्ती होते. धर्म आणि घराणे यांच्या जागी शहर हा विषय त्यांनी मध्यभागी आणला. कम्युनिस्ट निवडून आले तर सरकारी पैसा मिळणार नाही, अशी भीती घालण्यात आली. ९ डिसेंबर १९७५ रोजी मतदान झाले आणि झय्याद यांना ६७ टक्के मते मिळाली. परवाने आणि शिफारशींच्या राजकारणावर लोकांनी दिलेला हा कौल होता.

३० मार्च १९७६

नगराध्यक्ष होऊन चार महिनेही झाले नव्हते, तोच कसोटीचा प्रसंग आला. गॅलिली भागात ज्यू वस्ती वाढवण्याच्या योजनेसाठी सुमारे २०,००० दुनम जमीन ताब्यात घेण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला. दुनम म्हणजे साधारण पाव एकर. त्यात सखनीन, अर्राबा आणि दैर हन्ना या गावांच्या शिवारातील अरब शेतकऱ्यांची हजारो दुनम जमीन होती. तेव्हा पंतप्रधान होते यित्झाक राबिन. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

जमीन बचाव समितीने ३० मार्चला सार्वत्रिक संपाची हाक दिली. सरकारने अरब गावांच्या स्थानिक मंडळांच्या अध्यक्षांवर दबाव आणला. २५ मार्चला शफा-अम्र येथे या अध्यक्षांची बैठक झाली. बहुसंख्यांचे मत संपाच्या विरोधात पडले. बाहेर लोक जमले होते. संपाचा निर्णय लोकांनी आधीच घेतलेला आहे, असे झय्याद यांनी तिथे ठणकावून सांगितले. जुन्या आणि नव्या पुढारीपणाची फारकत या बैठकीत झाली. अध्यक्षांची गणती सरकारकडून काय मिळेल आणि काय जाईल याची होती. झय्याद यांना आपण लोकांच्या वतीने बोलतो की लोकांऐवजी, हा प्रश्न महत्त्वाचा वाटत होता.

२९ मार्चच्या संध्याकाळी काही गावांत संचारबंदी लागली. लष्कर आणि पोलीस गावांत शिरले. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मिळून ६ अरब ठार झाले. त्यांत सखनीनची एक तरुण स्त्री होती. शेकडो जखमी झाले, शेकडो पकडले गेले. झय्याद यांच्या घरावरही पोलीस चालून गेले. पण संप झाला. इस्रायलच्या अरब नागरिकांनी १९४८ नंतर प्रथमच एकत्रितपणे, देशभर, आपल्या नावाने काही केले होते. तेव्हापासून ३० मार्च हा ‘भूमी दिन’ म्हणून पाळला जातो. गाझा, पश्चिम किनारा आणि निर्वासितांच्या छावण्यांतही तो पाळतात. एरवी बाहेरच्यांकडून आतल्यांकडे प्रेरणा जाते. इथे ती मागे राहिलेल्यांकडून बाहेर गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गृहखात्याचे उत्तर विभागाचे आयुक्त यिस्राएल केनिग यांचे एक गोपनीय टिपण ‘अल हमिश्मार’ या हिब्रू वृत्तपत्राने फोडले. गॅलिलीतील अरबांचे बहुसंख्यत्व कसे कमी करावे, त्यांच्या शिक्षणाच्या आणि रोजगाराच्या वाटा कशा आवळाव्यात, याच्या सूचना त्यात होत्या. ज्याला लोक आजवर आपला संशय म्हणत होते, ते आता कागदावर छापलेले दिसले. ते छापणारे पत्र ज्यू डाव्यांचे होते, हेही नोंदवायला हवे.

श्रमदानाचे दिवस

सरकारी अनुदान अपुरे होते. ज्यू शहरांना माणशी मिळणारा निधी आणि अरब शहरांना मिळणारा निधी यांत मोठी तफावत होती. ती तफावत भरून काढण्याचे भांडण झय्याद संसदेत आणि मंत्रालयात करत राहिले. पण भांडणाचा निकाल लागेपर्यंत शहराने थांबायचे का? १९७६ पासून नाझरेथमध्ये दरवर्षी श्रमदान शिबिरे सुरू झाली. आपल्याकडच्या वाचकाला ‘श्रमदान’ या शब्दाचे मोल सांगायला नको. नाझरेथमध्ये विद्यार्थी, शिक्षक, गवंडी, डॉक्टर, गृहिणी फावडी-घमेली घेऊन रस्त्यावर आल्या. शाळांच्या भिंती रंगल्या, फरसबंदी झाली, नाले बांधले गेले, पायऱ्या दुरुस्त झाल्या. पुढे पश्चिम किनाऱ्यावरून, ज्यू वस्त्यांतून आणि परदेशांतूनही स्वयंसेवक येऊ लागले. संध्याकाळी गाणी, कविता, भाषणे होत. सिमेंट आणि शायरी एकाच अंगणात आली.

या शिबिरांचा खरा परिणाम किती मीटर रस्ता झाला यावर मोजता येणार नाही. लष्करी प्रशासनाच्या अठरा वर्षांत या लोकांना अर्ज करायची सवय लागली होती. अर्ज करणारा माणूस हळूहळू खांदे पाडून उभा राहायला शिकतो. तोच माणूस आपल्या गल्लीचा रस्ता आपल्या हाताने बांधतो तेव्हा त्याची मागणीची भाषाही बदलते. आम्ही आमचे केले, आता तुम्ही तुमचे करा, असे तो सांगू शकतो. हक्क आणि कर्तव्य यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ व्याख्याने होतात. नाझरेथमध्ये ही गोष्ट फावड्याने सांगितली गेली.

संसदेत : विरोध आणि आधार

१९७७ मध्ये राकाह आणि इतर काही गटांनी मिळून ‘शांतता आणि समतेसाठी लोकशाही आघाडी’ म्हणजे ‘हदाश’ स्थापन केली. त्या वर्षी तिला ५ जागा मिळाल्या. झय्याद १९९० पर्यंत खासदार होते. त्या वर्षी पक्षाच्या फेरपालटाच्या पद्धतीनुसार त्यांनी जागा सोडली, आणि १९९२ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

त्यांच्या मागण्या दोन होत्या आणि त्या कधी बदलल्या नाहीत. इस्रायलच्या आत अरब नागरिकांना पूर्ण समता, आणि इस्रायलच्या शेजारी पॅलेस्टाईनचे स्वतंत्र राज्य. आज दोन राज्यांचा तोडगा मुत्सद्द्यांच्या तोंडी असतो. १९७० च्या दशकात तो मांडणारा माणूस दोन्हीकडून शिव्या खात असे. ज्यू बहुसंख्याकांना तो देशद्रोह वाटे आणि अनेक अरबांना तो आपल्या अर्ध्या हक्कावर पाणी सोडणे वाटे.

२९ ऑक्टोबर १९८७ रोजी झय्याद आणि तुबी यांनी पश्चिम किनाऱ्यावरील अल-फारा तुरुंगाला भेट दिली आणि तिथल्या कैद्यांच्या छळाचा अहवाल लिहिला. तो हिब्रू वृत्तपत्रात आला आणि संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत पोहोचला. त्याच डिसेंबरमधल्या राष्ट्रसंघाच्या अहवालात त्यातला मोठा भाग उद्धृत झाला. खासदार म्हणून मिळालेला प्रवेशाचा हक्क त्यांनी अशा ठिकाणी वापरला जिथे दुसरा कुणी पोहोचू शकत नव्हता. त्या संसदेत बसायचे कशाला, या प्रश्नाचे हे एक उत्तर होते.

दुसरे उत्तर अधिक अवघड होते. १९९२ च्या निवडणुकीनंतर राबिन पुन्हा पंतप्रधान झाले. हेच राबिन १९७६ मध्ये, गॅलिलीत गोळीबार झाला तेव्हा पंतप्रधान होते. पॅलेस्टिनी उठावाच्या काळात तेच संरक्षणमंत्री होते. मजूर पक्षाचे ४४ आणि मेरेत्झचे १२ मिळून ५६ होत. १२० च्या सभागृहात ६१ ला पोहोचायला हदाशचे ३ आणि अरब लोकशाही पक्षाचे २ असे ५ सदस्य लागत होते. त्यांना मंत्रिपदे देण्यात आली नाहीत, सरकारात घेण्यात आले नाही. तरी या पाच जणांनी बाहेरून आधार दिला, म्हणजे उजव्यांना पर्यायी सरकार बनवता येऊ नये एवढी तजवीज केली. डिसेंबर १९९२ मध्ये राबिन सरकारने ४०० हून अधिक पॅलेस्टिनींना लेबनॉनच्या बर्फाळ डोंगरात हद्दपार केले, तेव्हा हा आधार किती जड आहे हे दिसले. पण सरकार टिकले. २३ सप्टेंबर १९९३ रोजी ऑस्लो करारावर क्नेसेटमध्ये मतदान झाले. बाजूने ६१, विरोधात ५०, तटस्थ ८. पाच अरब-समर्थित मते काढली तर ६१ चे ५६ उरतात.

झय्याद यांनी राबिनला माफ केले होते का? माणसाच्या मनातले आपण सांगू शकत नाही. राजकारणात मात्र त्यांनी हिशेब वेगळा मांडला. कालचा जुलूम विसरायचा नाही, पण उद्याच्या शांततेची संधी कालच्या रागापायी घालवायची नाही. आणि बदल्यात मागायचे ते स्वतःसाठी पद नव्हे, लोकांसाठी निधी आणि समान वागणूक. राबिनच्या त्या कारकिर्दीत अरब नगरपालिकांच्या अनुदानात वाढ झाली आणि लष्करी सेवेशी जोडलेला बालभत्त्यातील भेद टप्प्याटप्प्याने दूर करण्याचा मार्ग मोकळा झाला. उजव्या पक्षांनी त्या वेळी एक युक्तिवाद केला : ऑस्लोला ‘ज्यू बहुमत’ नाही, म्हणून ते खरे बहुमतच नाही. नागरिकाचे मत मोजायचे, पण धरायचे नाही. समतेचा सारा झगडा या एका वाक्यात आलेला आहे.

जेरिकोच्या रस्त्यावर

१ जुलै १९९४ रोजी अराफात सत्तावीस वर्षांनी पॅलेस्टाईनच्या भूमीत परतले. ५ जुलैला ते जेरिकोला आले. त्यांच्या स्वागताला नाझरेथहून झय्याद गेले होते. देश सोडून गेलेला नेता आणि देश न सोडलेला नेता, दोघांची ती भेट होती. परतताना जॉर्डनच्या खोऱ्यातील रस्त्यावर झय्याद यांच्या मोटारीला अपघात झाला आणि त्यात ते वारले. वय ६५. ते अजूनही नगराध्यक्ष होते आणि अजूनही खासदार होते. १६ महिन्यांनी, ४ नोव्हेंबर १९९५ रोजी, एका ज्यू अतिरेक्याने राबिन यांचा खून केला.

जमाखर्च

झय्याद यांच्या कारकिर्दीतील उणिवा लपवण्याचे कारण नाही. मॉस्कोवरची त्यांच्या पक्षाची निष्ठा डोळस नव्हती. सोव्हिएत रशियातील दडपशाहीबद्दल या पक्षाने बोलायचे तेव्हा मौन पाळले. १९८० च्या दशकात अनेक तरुण अरब दुसरीकडे वळले. १९८९ मध्ये उम्म अल-फह्म या मोठ्या शहराची नगरपालिका हदाशकडून इस्लामी चळवळीकडे गेली. गरीब वस्त्यांत दवाखाने आणि बालवाड्या चालवून, म्हणजे एका अर्थी झय्याद यांच्याच श्रमदानाचा धडा गिरवून, या चळवळीने जागा मिळवली होती. दीर्घकाळ सत्ता राहिली की आघाडीतही घराणी आणि गट तयार होतात. नाझरेथ त्याला अपवाद ठरले नाही.

तरीही त्यांच्यामागे काय हरवले हे पुढच्या घटनांनी दाखवले. १९९७ मध्ये चर्च ऑफ अनन्सिएशनच्या पायथ्याशी, शिहाबुद्दीन यांच्या कबरीजवळच्या जागेवर मशीद की यात्रेकरूंसाठी चौक, असा वाद उभा राहिला. १९९९ च्या ईस्टरला मुस्लिम आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांमध्ये मारामारी झाली. सरकारने आधी मशिदीला परवानगी दिली, मग ती थांबवली आणि २००३ मध्ये पाया उखडून टाकला. ज्या शहरात दोन समाजांनी एकत्र फावडी चालवली होती, तिथे एका चौकाच्या तुकड्यावरून मने दुभंगली. या वादात सर्वांत कमी नुकसान कुणाचे झाले, हे सांगायला नको.

संसदेतील प्रश्नही संपला नाही. ऑक्टोबर २००० मध्ये निदर्शनांवरील गोळीबारात १३ अरब ठार झाले, त्यांतील १२ इस्रायली नागरिक होते. चौकशीसाठी नेमलेल्या ऑर आयोगाने २००३ मध्ये अरब नागरिकांकडे सरकारांनी दुर्लक्ष आणि भेदभाव केल्याचे नमूद केले. २०१८ च्या कायद्याने राष्ट्रीय आत्मनिर्णयाचा हक्क फक्त ज्यूंचा असल्याचे लिहिले आणि अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून घेतला. २०२० मध्ये अरब पक्षांच्या संयुक्त यादीने १५ जागा मिळवल्या. २०२१ मध्ये मन्सूर अब्बास यांचा पक्ष प्रत्यक्ष सत्ताधारी आघाडीत सामील झाला आणि ते सरकार साधारण वर्षभरच टिकले. अब्बास झय्याद यांच्या वाटेवरचे पुढचे पाऊल होते, की परवाने आणि शिफारशींच्या जुन्या वाटेकडे परत वळणे, यावर तिथले अरब आजही वाद घालतात.

त्या वादात उतरण्याचे आपल्याला कारण नाही. एवढे मात्र दिसते की पुढारी सरकारच्या जवळ आहे की लांब, यावरून झय्याद यांचे मोल ठरत नाही. १९७६ मध्ये ते सरकारच्या समोर उभे होते, १९९३ मध्ये त्यांच्या मतावर सरकार उभे होते. दोन्ही वेळा ते आपल्या लोकांबरोबर होते आणि त्यांची मागणी तीच होती. अध्यक्षांच्या बैठकीत बहुमत विरोधात असतानाही लोकांचे मत बोलून दाखवायचे धैर्य, आणि नावडत्या माणसाला शांततेसाठी मत देण्याचा संयम, ही दोन्ही एका माणसात क्वचित सापडतात. त्याच माणसाला गटाराच्या उताराचाही विचार करावासा वाटावा, हे तर आणखी दुर्मीळ. नाझरेथच्या लोकांनी त्यांना आधी शायर म्हणून डोक्यावर घेतले आणि नंतर १९ वर्षे शहराच्या किल्ल्या त्यांच्या हाती ठेवल्या. ‘इथेच राहणार’ असे लिहिणारे कवी पुष्कळ होऊन गेले. राहायचे तर घर झाडावे लागते, हे ओळखणारा कवी नासिऱ्याला मिळाला होता.